पंक्चर हे प्रारब्ध नव्हे

आपल्या मंडळींत अलीकडे एक विधान सिद्धान्तासारखे उच्चारले जाते. ‘उज्जैनचे रस्ते आता सायकलीचे राहिले नाहीत.’ विधान करणारा गृहस्थ बहुधा साठीच्या पुढचा असतो. त्याच्या अंगणात कडुलिंबाखाली एक सायकल उभी असते, तिच्या दोन्ही चाकांतील हवा गेलेली असते आणि तो स्वतः कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणण्यासाठी ई-रिक्षाची वाट पाहत असतो. सायकल का सोडली, असे विचारले तर रस्ते, रहदारी, गुडघे, वय अशी कारणे क्रमाने सांगितली जातात. पण थोडे खोदून विचारावे, म्हणजे खरे कारण बाहेर येते. वारंवार होणाऱ्या पंक्चरचा त्याला कंटाळा आलेला असतो.

प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हा कंटाळा आपण स्वतः विकत घेतलेला आहे. दुकानदाराने ‘टायर कोणता देऊ?’ असे विचारल्यावर ‘कोणताही टाका, स्वस्तातला’ हे जे उत्तर आपण वर्षानुवर्षे देत आलो, त्या उत्तराची ही फलश्रुती आहे. घोडा निवडताना नाल पाहणाऱ्यांचे आपण वंशज. पण सायकल घेताना रंग पाहतो, घंटी वाजवून पाहतो, खोगीर दाबून पाहतो. जो भाग रस्त्याला टेकतो, त्याच्याकडे मात्र पाहत नाही.

रस्ते वाईट आहेत, हे प्रथम मान्य करून टाकू. भैरवगढचा रहिवासी ते नाकारू शकत नाही. क्षिप्रेच्या काठच्या वाटांवर पावसाळा सरताच सराट्याचे वेल पसरतात. त्यांनाच इकडे गोखरू म्हणतात. त्याचे फळ कसेही पडले तरी एक काटा वर राहतो, अशी निसर्गाची योजना आहे. शेतांच्या बांधांवरची बाभूळ छाटली की फांद्या रस्त्याच्या कडेला येऊन पडतात. उन्हेलकडे जाणाऱ्या मालमोटारींचे टायर झिजून फुटतात, तेव्हा त्यांतील पोलादी तारांचे केसासारखे तुकडे डांबरावर विखुरतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, ट्यूबला मात्र बरोबर सापडतात. काळभैरवाचा नैवेद्य मद्याचा. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन नगरीच्या हद्दीतील मद्याची दुकाने बंद झाली, पण नैवेद्य बंद झालेला नाही. बाटली बाहेरून येते आणि फुटली की तिच्या काचा रस्त्यावरच राहतात. त्यात २०२८ च्या सिंहस्थासाठी शहरभर चाललेल्या रुंदीकरणाची आणि बांधकामांची भर. खिळे, बांधणीच्या तारा, फरशीच्या कपच्या यांना तोटा नाही.

असे असले तरी, ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण येथे विसरून चालणार नाही. अंगण वाकडे आहे खरे. परंतु काटे काही आज उगवलेले नाहीत. आपल्या वडिलांच्या पिढीतही ते होते आणि त्या पिढीने ह्याच वाटांवरून कचेरी, शाळा आणि मंडई केली. रस्ता सुधारणे एकट्या माणसाच्या हाती नाही, टायर निवडणे आहे. जे हाती आहे ते न करता जे हाती नाही त्याविषयी सभांतून खंत व्यक्त करीत राहणे, हा आपल्या सुशिक्षित वर्गाचा जुना छंद आहे.

ह्यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. ‘अहो, पंक्चर ते काय! वीस-तीस रुपयांत निघते. त्यासाठी टायरवर तिप्पट पैसे कोण घालणार?’ हा आक्षेप हिशेबाच्या भाषेत येतो, म्हणून हिशेबानेच उत्तर देतो. समजा, साधा टायर तीनशे रुपयांना मिळतो, वर्षभर टिकतो, आणि महिन्याला एक पंक्चर तीस रुपयांचे. दोन वर्षांत टायरचे सहाशे आणि पंक्चरचे सातशे वीस, एकूण तेराशे वीस रुपये झाले. आता समजा, संरक्षक पट्ट्याचा टायर नऊशे रुपयांना घेतला, तो दोन वर्षे चालला आणि त्यात चार पंक्चर झाली. एकूण एक हजार वीस. आकडे उदाहरणादाखल आहेत. वाचकाने आपल्या पेठेतील भाव घालून हिशेब पुन्हा करावा. माझ्या मांडणीत तीनशे रुपये वाचले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वीस वेळा सायकल हाती धरून उन्हातून चालणे वाचले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो व्यवहार येथे साध्या टायरचा आहे, महाग टायरचा नव्हे.

शिवाय पंक्चर काढणारा आहे कुठे? पूर्वी प्रत्येक नाक्यावर पाण्याची परात आणि पायपंप घेऊन बसलेला एक मिस्त्री असे. आता त्याच जागी मोटारसायकलींच्या बिनट्यूबच्या टायरांचे काम चालते. सायकलवाल्याला ‘ठेवून जा, संध्याकाळी या’ असे सांगितले जाते. मिस्त्रीचाही दोष नाही. त्याचे पोट ज्या गिऱ्हाइकावर चालते त्याला तो आधी पाहणार. तात्पर्य, पंक्चरची किंमत रुपयांत मोजण्याचे दिवस गेले. ती आता बुडालेल्या कामात, चुकलेल्या तासात आणि हळूहळू सुटत जाणाऱ्या सायकलीत मोजावी लागते.

टायरात असते तरी काय, हे थोडक्यात पाहू. आत सुतांचे कापड असते, बहुधा नायलॉनचे. दोन्ही कडांना तार असते, ती टायरला रिमवर धरून ठेवते. वर रबराचा थर असतो, तो रस्त्यावर झिजतो. स्वस्त टायरात काटा आणि ट्यूब यांच्यामध्ये एवढेच असते, थोडे रबर आणि पातळ कापड. संरक्षक टायरात मात्र रबर आणि कापड यांच्यामध्ये आणखी एक पट्टा घातलेला असतो. भैरवगढच्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या गावचे छिपे बाटिक करताना कापडावर मेण लावतात. जेथे मेण तेथे रंग शिरत नाही. टायरातील पट्टा हे काट्यासाठी लावलेले मेणच म्हणायचे.

हा पट्टा दोन प्रकारचा असतो. पहिला विणलेल्या बळकट धाग्यांचा. अशा धाग्यांपैकी केव्हलार हा सर्वांत प्रसिद्ध. अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीत स्टेफनी क्वोलेक ह्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी १९६५ साली तो शोधला; बंदुकीच्या गोळीपासून वाचवणारी जाकिटेही त्याचीच होतात. हा पट्टा हलका असतो, काच आणि तार अडवतो, परंतु लांब, अणकुचीदार बाभळीचा काटा क्वचित धाग्यांच्या मधून वाट काढतो. दुसरा प्रकार जाड, लवचीक रबराच्या गादीचा. जर्मनीच्या श्वाल्बे कंपनीचा ‘मॅरेथॉन प्लस’ हा टायर ह्या प्रकारातील सर्वज्ञात नमुना. त्यात पाच मिलिमीटर जाडीची गादी असते. काटा घुसला तरी गादीतच अडकतो, ट्यूबपर्यंत पोहोचत नाही. मोबदल्यात टायर जड होतो आणि पायडल थोडे अधिक मारावे लागते. शर्यतीत उतरणाऱ्याला हे परवडणार नाही. पण शर्यत कोणाची आहे? भैरवगढहून फ्रीगंजला जाणाऱ्याचे दोन मिनिटांनी काय बिघडणार आहे?

येथे दुसरा आक्षेप हमखास येतो. ‘म्हणजे परदेशी माल घ्या, असेच ना?’ तसे मुळीच नाही. आपल्या देशात सायकलीचे टायर लुधियानाच्या कारखान्यांतून वर्षानुवर्षे निघत आहेत, आणि देशी कारखानदारांना संरक्षक पट्टा घालणे अशक्य नाही. प्रश्न गिऱ्हाइकाच्या मागणीचा आहे. गिऱ्हाईक फक्त भाव विचारते, म्हणून दुकानदार फक्त भाव ठेवतो आणि कारखानदार फक्त भावासाठी माल बनवतो. मागणीच नसलेल्या वस्तूसाठी स्वदेशीची दुहाई देणे हा विनोद आहे. ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनीच, अ‍ॅटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. हळहळ करणाऱ्यांपैकी किती जणांच्या सायकलीत त्या दिवशी हवा होती?

तिसरा पक्ष यांत्रिक चमत्कारांवर श्रद्धा ठेवणाऱ्यांचा. ते म्हणतात, हवाच नको. भरीव टायर बसवा, पंक्चरचा प्रश्नच मिटला. हा युक्तिवाद ऐकला की इतिहासाचे चाक उलटे फिरल्यासारखे वाटते. हवेचा टायर निघालाच मुळी भरीव टायरच्या त्रासातून. रॉबर्ट विल्यम टॉमसन ह्यांनी १८४५ साली त्याचे पेटंट घेतले होते, पण ते विस्मृतीत गेले. पुढे बेलफास्टमधील गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप ह्यांनी आपल्या मुलाची तीनचाकी खडबडीत रस्त्यावर खडखडते म्हणून रबराच्या नळीत हवा भरून ती चाकाला बसवली आणि १८८८ साली पेटंट मिळवले. त्याआधीच्या सायकलीला इंग्रज मंडळी ‘हाडे खिळखिळी करणारी’ असेच नाव देत. हवा हा टायरातील दोष नव्हे, तो टायरचा प्राण आहे. भरीव टायर बसवला की प्रत्येक खड्ड्याचा हादरा रिमला, तारांना आणि शेवटी आपल्या मणक्याला जातो. पुण्यात २०१७-१८ साली भाड्याच्या सायकलींची लाट आली होती. तीत उतरलेल्या मोबाइक ह्या चिनी कंपनीने आपल्या मूळ सायकलीला हवेविना टायर दिले होते. कंपनीच्या दृष्टीने ते योग्यच होते. हजारो सायकलींची पंक्चर काढत कोण फिरणार? पण तो भाड्याने सायकल देणाऱ्याचा सोयीचा विचार होता, रोज सायकल चालवणाऱ्याचा नव्हे. उज्जैनच्या खड्ड्यांतून साठीच्या माणसाने भरीव टायरवर बसणे म्हणजे पंक्चर टाळून वैद्याचे घर गाठणे.

ट्यूबमध्ये चिकट द्रव भरण्याचा उपाय त्यामानाने बरा. बारीक भोक तो आपोआप बुजवतो. परंतु तो द्रव काही महिन्यांत सुकतो, माळव्याच्या वैशाखात त्याहूनही लवकर सुकतो, आणि काचेने पडलेली लांब चीर त्याच्याने बुजत नाही. आपले जुने मिस्त्री टायरच्या आतून जुन्या टायरचा तुकडा बसवतात, ज्याला ते ‘गेटर’ म्हणतात, किंवा जुन्या ट्यूबची पट्टी अंथरतात. ही युक्ती कौतुकास्पद आहे. अडल्या वेळी तिने काम भागते. पण पट्टीच्या कडा ट्यूबला घासत राहतात आणि काट्याने न झालेले भोक पट्टीने होते. तात्पुरत्या उपायाला कायमचा समजण्याची आपली सवय येथेही दिसते.

चौथा पक्ष तरुणांचा, आणि त्यांच्या पित्यांचा, जे बिलाचे पैसे देतात. ह्यांना जाड गाठींचे, ट्रॅक्टरला शोभतील असे टायर हवेत. ते दिसतात दणकट, म्हणून ते टिकाऊ, असा समज. डांबरी रस्त्यावर गाठींचा काहीही उपयोग नाही. तेथे पकड रबराच्या स्पर्शातून मिळते, आणि गाठी जितक्या अधिक तितका स्पर्श कमी. पावसात टायरखाली पाणी साचून चाक तरंगते ही भीती मोटारीची. सायकलीच्या अरुंद, गोल टायरला आपल्या वेगात ती लागू नाही. गाठींमधल्या खाचांत रबर पातळ असते, आणि काटा नेमका तेथेच शिरतो. शहरासाठी टायर गुळगुळीत किंवा उथळ नक्षीचा, मध्यम रुंदीचा आणि आत पट्टा असलेला असावा. बाहेरची दांडगाई आणि आतली मजबुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण माणसांच्या बाबतीत जाणतो. टायरच्या बाबतीतही जाणावे.

खरेदीला जाताना एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाहावी, ती म्हणजे माप. आपल्या पारंपरिक उंच सायकलीचा ‘अठ्ठावीसचा’ टायर आणि नव्या गिअरवाल्या सायकलीचा ‘अठ्ठावीसचा’ टायर एक नव्हेत. पहिल्याच्या कडेचा व्यास ६३५ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२२. ‘सव्वीसचा’ म्हणूनही निरनिराळी मापे खपतात, ५५९ आणि ५९० ही त्यांपैकी दोन. म्हणून तोंडी मापावर विसंबू नये. टायरच्या बाजूवर ‘४०-६३५’ अशा रीतीचा आकडा कोरलेला असतो. पहिली संख्या रुंदीची, दुसरी व्यासाची. जुन्या टायरवरचा तो आकडा कागदावर उतरवून न्यावा. सायकलीच्या टायरसाठी भारतीय मानक क्रमांक २४१४ आहे. त्याचा उल्लेख टायरवर आहे का, हेही पाहावे. बाजूच्या रबराला बारीक भेगा असतील तर तो माल दुकानात उन्हात पडून म्हातारा झालेला समजावा, भाव कितीही खाली येवो. आणि दोन्ही टायर एकदम घेणे झेपत नसेल, तर नवा टायर मागच्या चाकाला घालावा. निम्म्याहून बराच अधिक भार त्यावर असतो आणि पंक्चरही तेच अधिक होते. मात्र झिजलेला टायर पुढच्या चाकाला कधीही लावू नये. पुढचे चाक फसले तर माणूसच पडतो.

आणि हवा. उत्तम टायर घेऊन त्यात महिनोन्महिने हवा न भरणाऱ्यांसाठी कोणत्याही कारखान्यात उपाय नाही. हवा कमी असली की खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात, साप चावल्यासारखी. तेथे काटाही नसतो आणि काचही. दोष सर्वस्वी स्वाराचा असतो. टायरच्या बाजूवर हवेचा दाब छापलेला असतो. आठवड्यातून एकदा घरच्या पंपाने हवा भरावी, टायरवरून हात फिरवून रुतलेला काचेचा कण चिमट्याने काढावा आणि सायकल सावलीत ठेवावी. देवपूजेला लागतो त्याहून कमी वेळ ह्याला लागतो. एवढे करूनही कधीतरी पंक्चर होईलच. पंक्चररोधक म्हणजे पंक्चरमुक्त नव्हे, आणि जो विक्रेता तसे सांगेल त्याच्या दुकानाची पायरी उतरावी.

आतापर्यंतचा विषय घराचा झाला. पण ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो मुद्दा घराबाहेरचा आहे. आपल्या राज्यात दुसऱ्या गावच्या शासकीय शाळेत जाणाऱ्या सहावी आणि नववीच्या ग्रामीण मुलामुलींना शासन सायकली देते. भैरवगढच्या पलीकडच्या खेड्यांतील मुलीही त्यांत आहेत. ही योजना किती मोलाची आहे, हे बिहारच्या अनुभवावरून कळते. तेथे २००६ साली मुलींना सायकली देण्यास आरंभ झाला. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश ह्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास करून २०१७ साली प्रसिद्ध केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत असणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगा-मुलगी ह्यांतील तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. शाळा तीन किलोमीटर वा त्याहून लांब असलेल्या गावांत हा परिणाम विशेष होता. म्हणजे ज्या मुलीला लांब जायचे आहे, तिच्यासाठी सायकल हीच शाळा आहे. आणि ज्या दिवशी त्या सायकलीचा टायर बसतो, त्या दिवशी तिच्यासाठी शाळा बंद असते. वाटेत मिस्त्री नाही, खिशात तीस रुपये नाहीत, बापाला शेतातून सवड नाही. असे दोनदा झाले की घरातले वडील माणूस म्हणते, ‘राहू दे, पोरी.’ ह्या तीन शब्दांत एखाद्या मुलीचे शिक्षण संपते.

प्रस्तुत लेखकाची उणीपुरी तीन दशके शासकीय सेवेत गेली आणि निविदांच्या तुलनात्मक तक्त्यांवर सह्या करण्यात त्यांतील बराच काळ गेला. ‘न्यूनतम दर’ ह्या दोन शब्दांची कचेऱ्यांतील दहशत मी जाणतो. पण नियमांचा अर्थ असा कधीच नव्हता की सर्वांत निकृष्ट वस्तू घ्यावी. नियम सांगतो की ठरवलेल्या निकषांत बसणाऱ्या वस्तूंपैकी सर्वांत स्वस्त घ्यावी. निकष ठरवणे हे खरेदी करणाऱ्या विभागाचे काम आहे. निकषात सांगाड्याचे माप लिहिता येते, रंग लिहिता येतो, पुढच्या टोपलीवर योजनेचे नाव कसे असावे तेही लिहिता येते. मग ‘टायरमध्ये पंक्चररोधक पट्टा असावा’ ही एक ओळ लिहिता येत नाही काय? ती लिहिली की सर्व निविदाकार त्या ओळीखाली येतील आणि न्यूनतम दर पुन्हा न्यूनतमच राहील. फरक एवढाच की न्यूनतम दराने मिळालेली सायकल रस्त्यावर राहील, अंगणात नव्हे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरील वस्तू व सेवा कर बारा टक्क्यांवरून पाच टक्के झाला आहे. जो पैसा सुटला, तो टायरात घालावा. घरात तो आपण घालावा आणि योजनेत शासनाने.

आपली घराणी शिंद्यांच्या काळात येथे आली. राणोजी शिंदे ह्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर ह्यांनी महाकाळाच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, हे आपण प्रत्येक पाहुण्याला अभिमानाने सांगतो. १८१० साली दौलतराव शिंदे ह्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, पण ते दगड आजही जागचे हललेले नाहीत. टिकाऊ कामाची एवढी महती गाणाऱ्यांनी रोजच्या वापराच्या वस्तूत तकलादूपणा खपवून घ्यावा, हे विसंगत आहे. समाजात पत्र लिहिण्याची, निवेदने देण्याची, अधिकाऱ्यांना भेटण्याची सवय असलेली माणसे आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. पुढचे शैक्षणिक वर्ष सुरू होण्यापूर्वी निकषांतील त्या एका ओळीसाठी त्यांनी जिल्हाधिकारी कचेरीची पायरी चढावी. आणि शक्य झाले तर सायकलीवरून जावे.